फोटोच्या चौकटीबाहेरची व्हेनेसा

प्रिय मनू,

कॉलेजच्या सादरीकरणासाठी तू युगांडाची हवामान कार्यकर्ती व्हेनेसा नकाटे निवडलीस, फार बरं वाटलं. फक्त सुरुवात स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या फोटोने करू नकोस. जानेवारी 2020 मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने तिथल्या पाच तरुणींच्या फोटोतून नेमकी तिलाच कापली. उरलेल्या चौघी गोऱ्या होत्या. मागची इमारत नजरेला खुपत होती, असं कारण दिलं गेलं. अन्याय खराच, पण तिथेच अडकलीस तर तिचं काम सांगायचं राहून जाईल.

ती युगांडाच्या राजधानीतली, कंपालाची, मॅकरेरे विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकलेली. जानेवारी 2019 मध्ये भावंडांना घेऊन, हातात हवामानबदलाविरुद्धचे फलक धरून ती रस्त्यावर उभी राहिली. पुढे संसदेच्या फाटकाशी पुष्कळदा एकटीच. एकटी का, हे आवर्जून सांग. युगांडात 2013 च्या कायद्याने सभा-मोर्चासाठी पोलिसांना आधी कळवावं लागे आणि वर्ग सोडून आलेल्या मुलांना शाळेतून नाव कमी होण्याची धास्ती. गर्दी नव्हती ती यामुळे, मुलांना कळकळ नव्हती म्हणून नव्हे.

2019 मध्येच तिने ‘व्हॅश ग्रीन स्कूल्स’ सुरू केलं: खेड्यातल्या शाळांवर सौर पॅनल आणि स्वयंपाकघरात कमी लाकूड खाणारी चूल. देशातल्या सुमारे 24,000 शाळांपर्यंत पोचायचं उद्दिष्ट. माझ्या मते सादरीकरणाचा निम्मा वेळ याला दे.

तिथल्या शाळेत मुलांना पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि घेवड्यासारखे बीन्स मिळतात. बीन्स शिजायला तासन्‌तास लागतात. तीन दगडांच्या चुलीवर आच चहूबाजूंनी वाया जाते आणि धूर स्वयंपाकिणीच्या छातीत. सुधारित चुलीत जळणाची जागा अरुंद आणि उभी असते. भोवती हलक्या विटा असतात. माती आणि लाकडाचा भुसा मिसळून त्या भाजतात. भुसा जळून छिद्रं राहतात, ती उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. पातेलं चुलीत खोल बसतं. पातेलं आणि भिंत यांत साधारण दीड-दोन सेंटिमीटरची फट ठेवतात, म्हणजे गरम हवा पातेल्याला घासून वर जाते. बिघाड इथेच होतो. मूळ पातेलं गळू लागलं की त्याजागी लहान पातेलं येतं, फट रुंदावते आणि लाकूड पुन्हा जास्त लागतं. तोंडाशी ओंडके कोंबले तर खालून हवा मिळत नाही, धूर होतो. म्हणून सरपण मनगटाहून बारीक फोडलेलं हवं, आणि वाळलेलं. ओल्या लाकडाची बरीच ताकद आतलं पाणी उडवण्यातच जाते. धुराड्यातली काजळी नेमाने काढली नाही तर ओढ कमी होते. आणि बीन्स रात्रभर भिजत घातले, तर चूल कोणतीही असो, जळण वाचतंच.

पॅनलची गोष्ट वेगळी. आपल्याकडे ते दक्षिणेकडे तोंड करून, अक्षांशाच्या आसपास कलतं बसवतात. युगांडातून विषुववृत्तच जातं, त्यामुळे ते जवळजवळ सपाट चालतं. तरी दहाएक अंशांचा कल ठेवावा, नाहीतर पाणी साचतं आणि धूळ पावसाने धुतली जात नाही. पॅनल वर्षानुवर्षं टिकतं, आधी मरते ती बॅटरी. चार दिव्यांच्या हिशेबाने बसवलेल्या संचावर टीव्ही आणि मोबाइल चढतात. शिशाची बॅटरी रोज अर्ध्याखाली उतरली आणि तिच्यातलं डिस्टिल्ड पाणी कोणी पाहिलं नाही, तर दोनेक वर्षांतच ती बसते. मग पैसे कोणाकडून आणायचे? हे शाळेने दिवे लावण्याआधी ठरवलेलं असावं. कोणत्याही प्रकल्पाबद्दल वाचताना हे आधी शोध.

तेलवाहिनीला तिचा विरोध आहे, तोही घे. पश्चिम युगांडातल्या होइमाहून टांझानियातल्या टांगा बंदराकडे 1,443 किलोमीटरची नळी. तेल मेणचट, गार झालं की थिजतं, म्हणून वाटभर नळी सुमारे 50 अंशांवर तापती ठेवायची. ते तेल जहाजात भरून परदेशी धाडायचं, आणि त्याच देशातल्या शाळांची चूल मात्र लाकडावर. चुलीचं चित्र आणि या नळीचा नकाशा एकाच स्लाइडवर शेजारी-शेजारी ठेव.

तुझी,
आई