विळा आणि कुऱ्हाड

ठाणे,
एलूल महिन्याचा पहिला आठवडा

चि. रूबेन यास,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू पाठवलेला संदेश मी तीनदा वाचला. तुझ्या चुलतभावाने पाच वर्षांपूर्वी दुकानासाठी तुझ्याकडून तीन लाख रुपये नेले, परत केले नाहीत, आणि वर ‘ते माझ्या बापाच्या हिश्श्याचेच होते’ असे नातेवाइकांत पसरवले, हे मला ठाऊक आहे. आता तोच कामासाठी इस्राएलमध्ये, तुझ्या अश्दोदला येतो आहे आणि महिनाभर तुझ्याकडे राहू का, असे विचारतो आहे. तू त्याला लिहिलेस, ‘ये, खुशाल राहा. मी तुझ्यासारखा नाही.’ मला लिहिलेस की बाबा, आपल्या यहुदी धर्मग्रंथात, तोरात, डोळ्याबद्दल डोळा सांगितला आहे, तरीही मी सूड घेतला नाही. तुला शाबासकी हवी असावी. ती देण्याआधी मला तोराविषयी थोडे सांगायचे आहे आणि माझ्याविषयीही; यातले दुसरे कागदावर यायला दोन दिवस गेले.

तोरातल्या निर्गम या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात ‘डोळ्याबद्दल डोळा, दाताबद्दल दात’ हे शब्द आहेत, यात वाद नाही. बाहेरचे लोक ते आपल्या तोंडावर फेकतात याची मला सवय झाली आहे, पण आपल्याच घरातला मुलगा ते तसेच उचलतो तेव्हा वाईट वाटते. आपल्या धर्मपंडितांनी त्या शब्दांचा अर्थ भरपाई असा केला आणि मिश्ना या जुन्या नियमसंग्रहाच्या बावा कामा या भागात त्या भरपाईची पाच कलमे ठरवली: झालेले नुकसान, सोसलेली वेदना, औषधपाण्याचा खर्च, बुडालेली मजुरी आणि अप्रतिष्ठा. तल्मूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चाग्रंथात, यावर पानेच्या पाने वाद आहे. एकाचा डोळा मोठा आणि दुसऱ्याचा लहान असेल तर बरोबरी कशी व्हायची? आंधळ्याने कोणाचा डोळा फोडला तर त्याचे काय फोडायचे? तोरातल्याच गणना या पुस्तकाच्या 35व्या अध्यायात खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी घेऊ नये असे म्हटले आहे. त्यावरून त्यांनी काढले की जिवाबद्दल घ्यायची नाही, म्हणजे अवयवाबद्दल घेता येते. रब्बी एलिएझर यांनी मात्र डोळा म्हणजे खरोखरच डोळा असे म्हटल्याची नोंद त्याच चर्चेत आहे, आणि ती पुसून न टाकता इतरांनी तिचा वेगळा अर्थ लावला. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

पाचव्या कलमाची एक गोष्ट तुझी आजी सांगत असे, बहुधा त्या गोष्टीत तेल होते म्हणून. कोकणात आपल्या पूर्वजांना, शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून, शनिवार तेली म्हणत आणि घाण्याचा वास आजीच्या लहानपणापर्यंत घरात होता. गोष्ट अशी: भर बाजारात एका माणसाने एका बाईच्या डोक्यावरचे वस्त्र ओढले. रब्बी अकिवा यांनी त्याला 400 झुझ, म्हणजे त्या काळची चांदीची नाणी, भरायला सांगितले. ज्याच्यापाशी 200 झुझ आहेत त्याने गरिबांचा वाटा घेऊ नये असा त्या काळचा नियम होता, त्यावरून ही रक्कम केवढी होती ते बघ. त्या माणसाने मुदत मागितली, साक्षीदार लपवून ठेवले आणि त्या बाईच्या अंगणाच्या दारात कवडीच्या किमतीच्या तेलाचे मडके फोडले. तेल वाया जाऊ नये म्हणून ती बाहेर आली, डोके उघडे केले आणि तळव्याने तेल टिपून केसांना लावू लागली. तेव्हा हा म्हणाला, जी स्वतःची अब्रू कवडीच्या तेलासाठी उघडी टाकते तिला मी 400 झुझ द्यायचे? अकिवांचे उत्तर असे होते की माणूस स्वतःची मानहानी करून घेऊ लागला तरी इतरांना तशी मोकळीक मिळत नाही. दंड कायम राहिला.

म्हणून तुझे तीन लाख सोडून दे असे मी मुळीच म्हणत नाही, आणि तुझ्या नावाला लागलेला बट्टाही हिशेबात धरावा लागेल. पण याच प्रकरणात थोडे पुढे सांगितले आहे की सगळी रक्कम चुकती केली तरी अपराध्याला क्षमा मिळत नाही. त्यासाठी त्याने स्वतः जाऊन क्षमा मागायला हवी. आणि ज्याच्याकडे मागितली त्याने निष्ठुर होऊ नये, कारण आपला मूळपुरुष अब्राहाम याने स्वतःला दुखावणाऱ्या अबीमलेख राजासाठी प्रार्थना केली होती. पैसा आणि क्षमा यांची खाती वेगळी आहेत, एकाची बाकी दुसऱ्यात वळती करता येत नाही.

आता तुझ्या वाक्याकडे येतो. तोरातल्या लेवीय या पुस्तकाच्या 19व्या अध्यायात सूड घेऊ नकोस एवढेच म्हटलेले नाही, आकस धरू नकोस असेही लगेच पुढे आहे. हे दोन शब्द का, याचे उत्तर तल्मूदच्या योमा भागात आहे. एकाने शेजाऱ्याकडे विळा मागितला, त्याने दिला नाही. दुसऱ्या दिवशी तोच शेजारी कुऱ्हाड मागायला आला. ‘तू विळा दिला नाहीस, मी कुऱ्हाड देत नाही,’ हा झाला सूड. आणि ‘घे कुऱ्हाड, मी काही तुझ्यासारखा नाही,’ हा झाला आकस. रूबेन, तू पाठवलेला संदेश पुन्हा उघडून बघ. कुऱ्हाड तू दिलीस, आणि शब्द तर जवळपास जसेच्या तसे आहेत.

त्याच ठिकाणी एक उलटे वाटणारे वचनही आहे, ते लपवणे बरे नव्हे: जो विद्वान सापासारखा डूख धरत नाही तो विद्वानच नव्हे. यावर तिथेच चर्चा होते. विळा-कुऱ्हाडीसारख्या मालमत्तेच्या गोष्टींत आकस मुळीच चालत नाही. जिव्हारी लागलेल्या अपमानाची गोष्ट निराळी, ती माणसाने मनात ठेवली तर समजण्यासारखे आहे, पण समोरचा समजूत घालायला आला की तीही सोडायची. चुलतभावाने गावभर केलेली तुझी बदनामी या दुसऱ्या प्रकारात बसते असे तू म्हणशील, आणि मला ते खोडता येणार नाही. मात्र तो समजूत घालायला येणार तरी कसा? त्याच्यावर तुझा नेमका काय आरोप आहे हे तू त्याला आजवर एकदाही सांगितलेले नाहीस. मला सांगितलेस, आईला सांगितलेस, बहिणीला सांगितलेस.

सूडाच्या मनाईच्या आदल्याच ओळीत आज्ञा आहे की भावाचा मनातल्या मनात द्वेष करू नकोस, त्याला तोंडावर बोल. बाराव्या शतकात रांबाम (मोशे बेन मैमोन) या धर्मपंडितांनी हा नियम सांगताना दावीद राजाचा मुलगा अबशालोम याचा दाखला दिला. सावत्र भाऊ अम्नोन याने त्याच्या बहिणीची अब्रू घेतली, तेव्हा अबशालोम त्याला बरे बोलला नाही आणि वाईटही बोलला नाही. पूर्ण दोन वर्षे तो गप्प राहिला. मग मेंढरांची लोकर कातरण्याच्या समारंभाला त्याने अम्नोनाला आग्रहाने बोलावले आणि दारू चढल्यावर चाकरांकडून ठार मारवले. जेवायचे बोलावणेही कधीकधी कशाचे असते ते यात दिसते.

आणि तल्मूदमधले गुरू रव यांची गोष्ट, जी मला कधीच नीट पचली नाही. एका खाटकाने त्यांना दुखावले होते. योम किप्पूरची, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाची, पूर्वसंध्या आली तरी तो क्षमा मागायला येईना, तेव्हा रव म्हणाले, मीच त्याच्याकडे जातो. वाटेत त्यांचे शिष्य रव हूना भेटले, कुठे निघालात म्हणून विचारले आणि उत्तर ऐकून स्वतःशीच म्हणाले, हे आज माणूस मारायला चालले आहेत. रव जाऊन उभे राहिले. खाटीक जनावराचे डोके फोडत बसला होता. त्याने मान वर केली, ओळखले आणि म्हणाला, जा, माझे तुझ्याशी काही देणेघेणे नाही. तेवढ्यात एक हाड उडून त्याच्या गळ्यात घुसले आणि तो मेला. लहानपणी मला वाटे, खाटकाला शिक्षा झाली. आता वाटते की रव हूनांना गुरूच्या चालण्यात काहीतरी दिसले असावे. क्षमेची संधी घेऊन दुसऱ्याच्या दारात उभे राहण्यातही टोक असू शकते.

हे मी पुस्तकातून शिकलो असे समजू नकोस. आजी अंथरुणाला खिळली होती त्या आठ महिन्यांत तुझे काका एकदाही आले नाहीत. पुढे त्यांच्या घराचे छप्पर पावसात बसले आणि ते पैसे मागायला आले. मी दिले, चार माणसांसमोर दिले, आणि म्हणालो, ‘आईच्या वेळी तू कुठे होतास, ते मी काढत नाही.’ त्यांनी मान वर केली नाही. नोटा मोजल्या, रुमालात बांधल्या आणि चहा न घेता गेले. वर्षाच्या आत सगळे पैसे परत आले, पण माणूस पुन्हा माझ्या घरी आला नाही. मी बरीच वर्षे लोकांना सांगत होतो की भावाला मी माफ केले आहे. ते गेले तेव्हा मी खांदा दिला.

योम किप्पूर देवाविरुद्धच्या अपराधांचे क्षालन करतो. माणसाविरुद्धच्या अपराधांचे करत नाही, तो माणूस राजी होईपर्यंत. आपल्या आज्या त्याला दरफाळणीचा सण म्हणत, दारे लावून घ्यायचा. पण दारे लावायच्या आधी हे बाहेरचे काम उरकावे लागते. ज्याचा अपराध केला तो मेला असेल तर काय, हेही रांबाम यांनी सांगून ठेवले आहे: दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि त्यांच्यासमोर म्हणावे की इस्राएलाच्या देवाविरुद्ध आणि या माणसाविरुद्ध मी पाप केले, अमुक अमुक केले. ते ‘अमुक अमुक’ मोघम ठेवता येत नाही.

तेव्हा पुढच्या रविवारी अलिबागकडे जायचे ठरवले आहे. गावात आता आपले एकच घर उरले आहे, म्हणून माणसे इथूनच न्यावी लागतील. सेलीहोत या क्षमायाचनेच्या प्रार्थनांनंतर सिनेगॉगच्या पायरीवर बसून मी नऊ नावे जमवली. दहावा म्हणून तुझ्या चुलतभावाला विचारायचे आहे. कबर त्याच्या वडिलांची आहे आणि त्याचे विमान त्यानंतर चार दिवसांनी आहे. तो कशासाठी म्हणून विचारेल. फोन दोनदा हातात घेऊन मी खाली ठेवला आहे.

तुझा,
बाबा