सोनूच्या ताटापुढचा मोबाइल आणि माझा रेडिओ

चि. माई,

आशीर्वाद. तुम्ही सुखरूप पोचल्याचा मेसेज आईला आला, मला आला नाही. बरोबरच आहे म्हणा. आठवडा झाला आज. रोज फोन हातात घेतो अन ठेवून देतो, आपलं दोघांचं बोलणं दोन मिनिटांत भांडणावर येतं, म्हणून लिहायलोय. मोठं होईल हे, ऑफिसात वाचू नको, सवडीनं वाच.

आधी माफी मागतो. येळवशीला, वेळ अमावास्येच्या दिवशी, रानातल्या कडब्याच्या कोपीत सगळ्यांसमोर सोनूच्या हातातून मोबाइल हिसकून घ्यायला नको होता. जावईबापू बसलेले, वाटेकऱ्याची लेकरं बघायलेली, अन मी ओरडलो. चार वर्षांचं लेकरू, केवढं दचकलं. तोंडातला घास तसाच राहिला, रडताना ठसका लागला, आईनं पाठ चोळली. ते डोळ्यापुढून हलत नाही. त्याला सांग आबा चुकले म्हणून. मीच सांगीन खरं तर, तू दे फोन त्याच्याकडं.

पण माई, मला राग कशाचा आला ते तुला कळलं नाही असं वाटतं. मोबाइलचा नाही. तू त्याला ज्वारी-बाजरीच्या पिठाचा उंडा भज्जीत कुस्करून भरवत होतीस आणि तो न बघता तोंड उघडत होता. चमचा जवळ आला की आ, चमचा गेला की बंद. आपण काय खायलोय, गोड का तिखट, कोण भरवायलंय, काही त्याच्या गावी नव्हतं. तुझी आई पहाटे तीनला उठली होती त्या भज्जीसाठी. तुरीचे ओले दाणे, वाटाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, शेपू, ओल्या शेंगा, चिंच, सगळं आदल्या रात्री निवडून ठेवलेलं, तू पण बसली होतीस की सोबत दाणे सोलत. वर्षातून एकदा होते ती भज्जी. अन त्या लेकराला विचारलं असतं काय खाल्लं तर त्यानं कार्टूनमधल्या कुत्र्याचं नाव सांगितलं असतं.

बघ, परत तेच. मी ठरवलं होतं माफी मागायची अन पुढं जायचं.

तू म्हणालीस, "अण्णा, तुमच्यापुढं रेडिओ असायचा. त्याच्यापुढं मोबाइल आहे. तुम्ही कधी जेवलात आमच्यासोबत?" एवढं बोलून उठलीस, लेकरांना गाडीत घातलं, चार वाजता निघून गेलात, अंधार पडताना कडब्याचा हेंडगा पेटवून रानाभोवती फिरवतात तो बघायला पण थांबला नाहीत. सोनूसाठी मी हेंडगा मुद्दाम लहान बांधला होता, त्याला हातात धरता यावा म्हणून. जाऊ दे.

त्या रात्री मला लई राग होता. म्हणलं ही पोरगी बापाला सगळ्यांदेखत बोलते. दुसऱ्या दिवशी तेवढा राहिला नाही. तिसऱ्या दिवसापासून झोप नाही, कारण तू म्हणालीस ते खरं आहे.

मी शाळेतून सायकलवर यायचो, हातपाय धुवायचो, ओसरीवर पाट टाकलेला असायचा. रेडिओ खिडकीत. बातम्या संपेपर्यंत माझं जेवण व्हायचं. तुम्ही दोघं आत चुलीपाशी, आवाज केला तर आजी डोळे वटारायची, अण्णा जेवायलेत म्हणून. मी उठलो की आजी, मग केव्हातरी तुझी आई. ती कधी जेवायची मला माहीत नव्हतं. तुझ्यापुरतं कोरड्यास राहिलं का, हे मी तिला एका दिवशी पण विचारलं नाही. शाळेत दुपारी खिचडी वाटताना शेवटच्या पोराच्या ताटलीत पडली का नाही ते मी उभं राहून बघायचो, अन घरी कधी वळून बघितलं नाही. वाईट वाटतं का? लई वाटतं. तेव्हा वाटलं नाही, सगळ्यांच्या घरी तसंच होतं.

एक गोष्ट सांगतो, तुला आठवत नसेल, पाच वर्षांची होतीस. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले, पोरं नाचून दमून झोपलेली, पहाटे चार वाजायला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. आपण कसे वाचलो ते मी तुला पुष्कळदा सांगितलंय, ते आता नको. त्यानंतर आपल्याला पत्र्याचं शेड मिळालं. त्या शेडात ओसरी नव्हती अन स्वयंपाकघर पण नव्हतं, एकच खोली. मधी स्टोव्ह अन भोवती आपण पाच जण. जागाच नव्हती कुणाला आधी कुणाला मागून जेवायला. लग्नाला दहा वर्षं झाली होती अन मी तेव्हा पहिल्यांदा तुझ्या आईला जेवताना बघितलं. ती भाकरीचा पापुद्रा आधी काढून बाजूला ठेवते अन शेवटी खाते, मिठाची चिमूट भाकरीच्या कडेला ठेवते, ताटात नाही. हे मला दहा वर्षांनी कळलं. रेडिओ ढिगाऱ्यात गेला होता. तू माझ्या मांडीवर बसायचीस अन माझ्या ताटातली मिरची काढून दादाच्या ताटात टाकायचीस. गावावर एवढं सुतक असताना आपण पाच जण पोटभर हसलो होतो एका रात्री, मिरचीवरून. आजी पण.

मग पक्कं घर झालं. त्यात परत स्वयंपाकघर आलं, ओसरी आली, नवीन रेडिओ आला. कुणी ठरवलं नाही, पण पाट परत बाहेर आला.

उरली ती एकच येळवस. म्हणून मला तिचं एवढं आहे, माई. वर्षातला तो एक दिवस होता जेव्हा बाया माणसं लेकरं गडी सगळे एका पंगतीला मातीत बसायचे. कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप, वर शाल, आत चुन्यानं रंगवलेले पांडव, आंबिलीचं बिंदगं. तुझ्या आईच्या हातचं वाढलेलं आम्ही खातो अन तिला कुणीतरी वाढतं, असं रानातच व्हायचं. आपल्या लातूरला त्या दिवशी स्थानिक सुट्टी, बाजार बंद, गाव ओस, सगळी माणसं शिवारात. कर्नाटकात भालकीच्या आत्याकडं पण अशीच, ती म्हणायची हद्द सरकारनं काढली, येळवस तिथं पण आपलीच आहे.

२०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते तुला माहीत आहे, तेव्हा तू पुण्यात होतीस अन रोज रडत फोन करायचीस. पाणी एप्रिलमध्ये आलं, पण त्या जानेवारीतच रानात काही नव्हतं. हरभरा वीतभर नाही. भज्जीचं सगळं सामान बाजारातून विकत आणलं होतं, विकतच्या भाजीची येळवस आयुष्यात पहिली. आजी म्हणाली कोप करायची. कशाची पूजा करायची मी विचारलं तर म्हणाली, "रान आजारी हाय, आजारी मानसाला बगायला जात न्हाईत का?" मी आंबील शिंपडत फिरलो वाळलेल्या ढेकळांवर, वलगे वलगे सालम पलगे, आवाज निघत नव्हता घशातून. आजीची ती शेवटची येळवस.

आता तू म्हणशील अण्णा विषय कुठून कुठं नेतात. बरं. तुझ्या घरचं बोलतो, रागावू नको.

दिवाळीच्या आधी मी आठ दिवस तुझ्याकडं होतो. सात वाजता कामाच्या मावशी सोनूला भरवतात, मोबाइल लावून, त्याशिवाय तोंड उघडत नाही म्हणतात. छकुलीला पण आता तीच सवय लागायलीय, ती तर दोन वर्षांची पण नाही. तू आठला येतेस, लॅपटॉपशेजारी ताट. जावईबापू दहाला. चार माणसं अन चार वेळा जेवण. डायनिंग टेबल केवढं चांगलं आहे तुमचं, त्यावर कुरिअरचे खोके होते आठही दिवस. डब्ल्यूएचओनं २०१९ मध्ये सांगितलंय, दोन ते चार वर्षांच्या लेकरांना दिवसाला एक तासाच्या वर स्क्रीन नको, कमी तेवढं बरं, अन दोनच्या आतल्यांना नकोच. मी कात्रण ठेवलं होतं तुझ्या फ्रिजवर, तू बघितलंस का नाही माहीत नाही. लेकराला भूक कळली पाहिजे, पोट भरल्याचं कळलं पाहिजे. त्याला भाकर मोडू दे, सांडू दे, हात भरू दे. चौथ्या वर्षी तू आख्खी ज्वारीची भाकर ताकात चुरून खात होतीस, अर्धी अंगावर...

झालं, लागला मास्तर शिकवायला. माफ कर. तुला माहीत नाही असं यातलं काहीच नाही. दिवसभर ऑफिस, मग ट्रॅफिक, रात्री परत मिटिंग, त्यात लेकरू एक घास खात नसेल तर माणूस काय करणार? मी कधी एक लेकरू भरवलं नाही आयुष्यात. मला काय अधिकार.

अन एक बोलायचं राहिलंय, ते तोंडावर कधी बोलत नाही मी. गेल्या महालक्ष्म्यांना तू पुण्यात फ्लॅटमध्ये एकटीनं सगळं केलंस. आईला व्हिडिओ कॉल लावून पुरण वाटलंस, सोळा भाज्या, आंबील, फुलोरा पण बांधलास. सुट्टी मिळाली नाही तर रात्री दोनपर्यंत जागून करंज्या केल्यास. तेव्हा मी फोनवर एवढंच म्हणालो, ज्येष्ठेचं तोंड जरा तिरकं बसलंय. तुझा चेहरा उतरला होता. माई, तो फोटो मी पारावर सगळ्यांना दाखवला, किराणा दुकानात दाखवला, बँकेत रांगेत उभं राहून पुढच्या माणसाला दाखवला. माझी लेक टीम सांभाळते अन महालक्ष्म्या पण बसवते म्हणून. तुला सांगायचं सोडून सगळ्या गावाला सांगितलं.

त्या फोटोत एक गोष्ट दिसली होती मला. सोनू खाली बसून साटोरीकडं टक लावून बघायलाय, तोंड उघडं, हातात मोबाइल नाही. म्हणजे तो बघतो की. त्याला बघायला काहीतरी पाहिजे.

इकडं चार दिवस झाले मी आईला म्हणलं आपण सोबत जेवू. रेडिओ बंद केला. तिला बसताच येत नाही. बसते अन उठते, मीठ राहिलं, पाणी राहिलं, भाकर गरम आणते. पहिल्या दिवशी सात वेळा उठली, मी मोजलं. मग काल भाकरीचं टोपलं अन तांब्या अन सगळं मधी घेऊन बसलो, आपल्या त्या पत्र्याच्या शेडासारखं. तीनदा उठली. काही बोलली नाही, मी पण नाही बोललो, काय बोलायचं सुचत नाही आम्हाला जेवताना. तिनं पापुद्रा काढून ठेवला, मी बघितलं, तर म्हणाली, "काय बघताव?"

मला भीती कशाची आहे खरं सांगू का. दादा तर लांबच राहतो. आम्ही दोघं आहोत तोवर कोप होईल. पुढं रान वाटेकऱ्याकडं राहील का विकलं जाईल, मला त्याचं एवढं नाही. पण सोनू पंचवीस वर्षांचा झाला अन त्याला कुणी विचारलं तुझ्या घरी काय जेवण व्हायचं, तर त्याला माणसं आठवावीत. तुला जेवणाचं म्हणलं की माझी पाठ आठवते अन रेडिओ आठवतो, हे मी त्या दिवशी ऐकलं, माझ्या कानानं. त्याला तू आठवावीस. बस, आता या विषयावर नाही बोलणार.

१३ तारखेला भोगी अन १४ ला संक्रांत. छकुलीचं बोरन्हाण करणार का? आई हलव्याचे दागिने करायलीय, खसखशीच्या दाण्यांवर थोडा थोडा पाक टाकून हलवत दोन दिवस बसली आहे, बोटं भाजलीत तरी ऐकत नाही. तू या म्हणालीस तर आम्ही १२ ला रात्रीच्या गाडीनं निघतो. बांधावरची बोरं आहेत, ढाळे आणतो, उसाची कांडी आणतो, भोगीच्या भाजीचं सगळं आणतो, तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरी आई तिथं करील, तुझ्या गॅसवर तिला जमत नाही म्हणते पण जमतं. बोरन्हाणाला सोनूला माझ्याजवळ बसव, बोरं वेचायला. टेबलावरचे खोके मी काढून ठेवीन, तू काही आवरू नको.

अन मावशी त्याला भरवतील तेव्हा मी काही बोलणार नाही. नुसता शेजारी बसेन. मोबाइल चालू असला तरी चालेल. आवाज तेवढा जरा बारीक ठेवायला सांग.

या म्हण किंवा नको म्हण, पण मला कळव, आईला नको.

तुझे अण्णा

ता. क. सोनूची पिवळ्या झाकणाची पाण्याची बाटली कोपीत राहिली होती, आणतो. अन हेंडगा पेटवला नाही, पडवीत ठेवलाय.