शेऱ्याचा रकाना

चि. अनु,
अनेक आशीर्वाद.

वसतिगृहातल्या मुलींचं समायोजन, म्हणजे त्या तिथे किती रुळल्या, या तुझ्या अभ्यासाबद्दल परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, ते चौदा फॉर्म काढून टाकले की निष्कर्ष स्वच्छ येतो." लॅबमध्ये गर्दी होती, मी नुसतं 'हं' केलं आणि फोन ठेवला. ते 'हं' मला नंतर झोपू देईना, म्हणून हे पत्र.

तहसील कचेरीच्या आवारातलं आबांचं पर्जन्यमापक तुला आठवत असेल. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला आबा तिथे हजर. मोजपात्रात पाणी ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि मगच आकडा लिहायचा. पुढे शेजारचा कडुनिंब वाढला. अडथळा जितका उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब पर्जन्यमापक असावं असा नियम आहे. झाड तोडणं किंवा यंत्र हलवणं आबांच्या हातात नव्हतं. त्यांनी अंदाजाने आकडा वाढवला नाही आणि तो दिवस कोराही सोडला नाही. मिळाला तो आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यात टीप टाकली, 'वारा पश्चिमेचा, कडुनिंबाचा आडोसा'. त्या रजिस्टरात मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा रकाना.

लॅबमध्ये मी तेच शिकले, पण उशिरा. एका गृहस्थांच्या प्लेटलेट मशीनने 28 हजार दाखवल्या. माणूस बाहेर बाकावर निवांत पेपर वाचत बसलेला, अंगावर कुठे डाग नाही. स्लाइड करून पाहिली तर कडेला प्लेटलेटचे पुंजके. काहींच्या रक्तात जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे प्लेटलेट एकमेकींना चिकटतात आणि मशीनला त्या मोजता येत नाहीत. सायट्रेटच्या निळ्या ट्यूबमध्ये पुन्हा रक्त घेतलं, त्यातल्या पातळ औषधाचा हिशेब धरून 1.1 ने गुणलं, तर आकडा 1 लाख 90 हजार. हे सापडलं, कारण आकडा विचित्र होता.

दुसरी गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका आश्रमशाळेत डिसेंबरमध्ये हिमोग्लोबिनचं शिबिर होतं. पोरींची बोटं गारठलेली, थेंब येईना. मी बोटं दाबून दाबून रक्त काढलं. असं दाबलं की रक्तात पेशींभोवतालचं पाणी मिसळतं आणि हिमोग्लोबिन कमी दिसू शकतं. रांगेतल्या बहुतेकींचा आकडा 10 च्या आसपास आला. कुणालाच नवल वाटलं नाही, मलाही नाही. तिथल्या पोरी अशक्त असणारच, असं आम्ही गृहीत धरलं होतं. पुढे काहीजणींचं शिरेतून रक्त घेतलं तेव्हा एकेक ग्रॅमचा फरक निघाला. शिबिराच्या कागदावर मी बोटांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्याची रुखरुख अजून आहे. देशपातळीवरही असा फरक दिसलाय. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटातल्या रक्तावरून 6 ते 59 महिन्यांची 58.6 टक्के मुलं रक्तक्षयी ठरली. 2016-18 च्या पोषण सर्वेक्षणात शिरेतलं रक्त घेतलं, तिथे 1 ते 4 वर्षांच्या मुलांत हे प्रमाण 41 टक्क्यांच्या आसपास होतं. वयोगट थोडे वेगळे आहेत हे खरं, पण रक्त कसं घेतलं हे सांगितल्याशिवाय या दोन आकड्यांची तुलना करूच नये.

आता तुझे चौदा फॉर्म. साठ प्रश्न, हो किंवा नाही, गुण जास्त म्हणजे समायोजन कमी. या चौदा जणींचे गुण जवळजवळ शून्य. ते भरून घेतले तेव्हा अभ्यासिकेत रेक्टर बसल्या होत्या, हे तू ओघात बोलून गेलीस. अगं, तोच तुझा कडुनिंब! ज्या बाईकडे सुट्टीचा अर्ज द्यायचा, तिच्यासमोर कुठली पोर 'मला इथे रडू येतं' यावर 'हो' लिहील? हे फॉर्म फेकू नकोस आणि बाकीच्यांत मिसळूही नकोस. वेगळे ठेव, कुठे आणि कुणासमोर भरले ते लिही. हिशेब त्यांना धरून आणि वगळून असा दोन्ही मांड. शक्य असेल तर त्याच मुलींकडून, नाव न घालता, एकांतात पुन्हा भरून घे आणि जुने फॉर्मही जपून ठेव. खरं तर मला उरलेल्या फॉर्मची जास्त काळजी वाटते. ते सरळ दिसतात म्हणून तू तपासले नाहीस. दिवाळीच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात कुणी भरलेत का? घरून नुकत्याच परतलेल्या पोरीचं मन त्या आठवड्यात वेगळंच असतं.

आणि नुसत्या सरासरीवर थांबू नकोस. तू नऊ वर्षांची असताना आपण मैदा पसरलेली परात दोन-तीन सेकंद पावसात धरली होती, आठवतं? मैद्यात थेंबाथेंबाच्या गोळ्या झाल्या आणि तू त्या वाळवून लहान-मोठ्या लावल्यास. अमेरिकेत व्हर्माँटच्या बेंटली नावाच्या शेतकऱ्याने अशाच पिठाने थेंब मोजून 1904 मध्ये छापले होते. मोजपात्रात 10 मिलीमीटर म्हणजे 10 मिलीमीटर, मग तो रिपरिप पडलेला असो की टपोऱ्या थेंबांचा. पण 4 मिलीमीटरच्या एका थेंबात 2 मिलीमीटरच्या आठ थेंबांएवढं पाणी असतं आणि रडारला तो एकटा तसल्या चौसष्ट थेंबांएवढा दिसतो. म्हणून तर वर महाबळेश्वरच्या ढगांच्या प्रयोगशाळेत थेंबांचा आकार मोजणारं डिसड्रोमीटर ठेवलंय. तुझ्या दोन वसतिगृहांची सरासरी सारखी आली, म्हणालीस. एकीकडे सगळ्याजणी मध्यावर असतील, दुसरीकडे बऱ्याच मजेत आणि चार-पाचजणी पार बुडालेल्या असतील. त्या चार-पाचजणी मला परातीत दिसायला हव्यात.

तुझ्या मार्गदर्शक मॅडम निष्कर्ष कमकुवत झाला म्हणतील कदाचित. म्हणू देत. त्यांना नीट समजावून सांग, त्याही शिकलेल्या आहेत. लागलं तर मुदत वाढवून माग. पुढच्या सहामाहीच्या फीची सोय मी केली आहे.

चकल्या पाठवल्यात. डब्याखाली आबांचं 2005 चं रजिस्टर आहे, जपून हाताळ. 26 जुलैचं पान उघड. सांताक्रूझला 944 मिलीमीटर आणि कुलाब्याला 75 च्याही आत, ही बातमी रेडिओवर ऐकून त्यांनी शेऱ्यात पेन्सिलीने काय लिहिलंय ते वाच आणि रात्री फोन कर.

तुझी,
आई