कार्यानुभवाचा तास जातो कुठे?

महोदय,

माझी नात पुण्यातील एका प्राथमिक शाळेत चौथीत शिकते. वेळापत्रकात चित्रकला, संगीत आणि कार्यानुभव हे तिन्ही विषय आहेत. प्रत्यक्षात कार्यानुभवाच्या तासाला गणिताचा राहिलेला स्वाध्याय पुरा करून घेतला जातो आणि संगीत म्हणजे स्नेहसंमेलनाआधीचे पंधरा दिवस. वर्गशिक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही, कारण सगळे विषय त्या एकट्याच शिकवतात.

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) कला, शारीरिक शिक्षण व कार्यशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकांची (अर्धवेळ शिक्षकांची) तरतूद केली ती सहावी ते आठवीसाठी, आणि तीही पटसंख्या शंभराहून अधिक असेल तरच. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील दप्तराविना दहा दिवसही (स्थानिक कारागिरांकडून काम शिकण्याचे) सहावीपासूनच. हाताला वळण लागते ते मात्र त्याच्या कितीतरी आधी.

मागच्या सुट्टीत नातीला मी कसबा पेठेतील तांबट आळीत नेले. तांब्याच्या हंड्यावर एकसारख्या ठोक्यांनी मठार (ठोक्यांची नक्षी) उमटत असताना ती अर्धा तास जागची हलली नाही, आणि घरी येऊन तिने डब्याच्या झाकणावर तोच प्रयोग केला (झाकण आता बसत नाही, तो भाग वेगळा). अशा कारागिरांना मानधन देऊन शाळांनी महिन्यातून एकदा बोलवावे, जवळजवळच्या तीन-चार शाळांनी मिळून एक संगीतशिक्षक नेमावा, आणि निदान तोवर तरी कार्यानुभवाचा तास गणिताला देऊ नये.

– एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे