आर्वीच्या गड्यास, पावसाळी रविवारच्या सायकलींबद्दल

सेलू, जि. वर्धा
आषाढ

प्रिय गड्या,

तुझं पत्र मिळालं. आर्वीत सायकलवाल्यांचा क्लब उभा राहिला हे वाचून बरं वाटलं. आणि सुरू होताच भांडण लागलं, हे तर आपल्या रीतीला धरूनच झालं! आभाळ भरलं की राइड रद्द, असं अर्धे म्हणतात; पाऊस असो की वारा, निघायचंच, असं बाकीचे म्हणतात. मला विचारशील तर दोघंही नको तिकडे बघताहेत. आभाळ नंतर बघा, आधी माती बघा. पावसानं माणूस भिजतो, तेवढंच. सायकल अडते ती काळ्या मातीत, आणि तीही बहुतेक वेळा पाऊस थांबल्यावर.

ही काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. सरी चालू असतात तेव्हा पांदणीतला, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या गाडीवाटेतला, चिखल पातळ असतो, चाकावर चढतो आणि गळून पडतो. खरी पंचाईत उघाड पडल्यावर पाच-सहा तासांनी होते. वरून वाळल्यासारखी दिसणारी माती आत भिजवलेल्या कणकेसारखी झालेली असते. ती टायरवर थरावर थर चढवत जाते, त्यात गवत आणि धसकटं गुंतत जातात आणि शंभर-दोनशे मीटरांत चाक फिरायचं बंद होतं. रविवारी सकाळी लख्ख ऊन बघून निघणारे इथंच अडकतात.

पांदणीत शिरण्याआधी एक करायचं. कडेची चिमूटभर नको, रस्त्यातल्या चाकोरीतली मूठभर माती घे आणि तळहातावर तिची वळी वळ. पेन्सिलीएवढी वळी न तुटता निघाली, तर त्या दिवशी ती पांदण नाही म्हणजे नाही. वळताना तुकडे पडले, तर शिरायला हरकत नाही. काळ्या भारी जमिनीतली पांदण चांगल्या पावसानंतर दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाल्याशिवाय त्या अवस्थेला येत नाही. बरड जमिनीचं गणित वेगळं. तिथं मुरूम वर असतो, पाणी झिरपून जातं, आणि सकाळी पाऊस झाला तरी दुपारी चाक चालतं. तुमच्याकडे दोन्ही आहे हे तुमचं नशीब. वर्धा नदीच्या काठाला भारी जमीन, आणि ईशान्येला कारंजा घाडग्याकडे चढत गेलं की बरड. त्यामुळे शुक्रवार-शनिवारी पाऊस झाला असेल तर रविवारी डांबरी रस्ता नाहीतर बरड. आठवडा कोरडा गेला तरच नदीकाठच्या पांदणी.

तरी कोणी अडकलाच, तर त्याला आधी पॅडल मारणं थांबवायला सांग. नुकसान चिखलानं होत नाही, जोर लावल्यानं होतं. चिखल तीन ठिकाणी दाटतो: पुढच्या फोर्कच्या माथ्याखाली, ब्रेकच्या कमानीत, आणि पॅडलच्या धुरीमागे, जिथे मागचे दोन नळे जवळ येतात तिथे. यात गिअरची सायकल असेल तर चेनसोबत गवताचा बोळा मागच्या डिरेलरात, म्हणजे चेन एका दातावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या यंत्रात, जातो. अशा वेळी पायानं जोर दिला की डिरेलर मागे ओढला जातो, त्याला धरणारा हँगर वाकतो, आणि डिरेलर आरांमध्ये घुसला की चाकही गेलं. हँगर हा तळहाताएवढाही नसलेला अॅल्युमिनियमचा तुकडा आहे, पण प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, आणि आर्वीत तो मिळायचा नाही. ज्याच्या त्याच्या सायकलीचा एकेक हँगर आत्ताच मागवून सीटखालच्या पिशवीत ठेवायला लाव. अडकल्यावर उतरायचं, बाभळीच्या काडीनं चिखल काढायचा (काटे सोलून, बाप्पा!), आणि चाकोरी सोडून धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, गवतावरून सायकल न्यायची. ढकलूनही चाक फिरत नसेल तर खांद्यावर घ्यायची. पांदणीत जायचं ठरलं असेल त्या दिवशी मडगार्ड घरी ठेवा. डांबरी रस्त्यावर मात्र मडगार्ड हवंच, तुझ्यासाठी कमी आणि मागच्याच्या तोंडासाठी जास्त.

डांबरीवरची भीती वेगळी. बऱ्याच दिवसांनी पाऊस पडला की पहिला अर्धा-पाऊण तास रस्ता सर्वांत घसरडा असतो, कारण सांडलेलं डिझेल आणि धूळ वर तरंगते. नंतर धुऊन निघते. पांढरे पट्टे, लोखंडी जाळ्या आणि रेल्वे फाटकातले रूळ मात्र ओले असेपर्यंत घसरडेच. रूळ काटकोनात ओलांडायचे, ब्रेक न लावता. शेतातून ट्रॅक्टर बाहेर पडतो तिथे वळणावर काळ्या चिखलाचे गोळे पसरलेले असतात, तिथे सायकल झुकवली की गेलीच समज. सिमेंटच्या रस्त्यावर कडेचा काठ आणि साइडपट्टी यांच्यात पावसानं खाच पडते. एकदा चाक खाली उतरलं की तिरकं वर घ्यायला जाऊ नये. थांबून उचलून घ्यावं. सिमेंटच्या दोन पट्ट्यांमधल्या लांब फटीचंही तेच, बारीक टायर तिच्यात धरला जातो.

हवा थोडी कमी ठेवा. सत्तर किलोचा माणूस आणि 32 मिलिमीटरचा टायर असेल तर कोरड्यात 60-65 पीएसआय, ओल्यात 55 पुरे. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पाणी पुसलं जाईपर्यंत चाकाचा एखादा फेरा रिकामा जातो, म्हणून उतारावर आधीपासून हलकं दाबत राहायचं आणि थांबायला कोरड्याच्या दुप्पट अंतर धरायचं. जथ्थ्यात दोन सायकलींमध्ये दोन-तीन सायकलींची जागा सोडा, आणि पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक कधीच आणू नका. दहा जण असाल तर पाच-पाचच्या दोन टोळ्या करा. शेवटी जाणारा ठरलेला हवा, पंप आणि हत्यारं त्याच्याकडे. त्याच्या मागे कोणी राहायचं नाही.

पंक्चर पावसात जास्त होतात. पाण्यानं काटा आणि काच रबरात सहज सरकते. आपल्याकडे बाभळीचा काटा, सराटा, आणि पऱ्हाटी-तुराटीची (कापूस-तुरीच्या झाडांची) खुंटं, एवढ्यांचं बघायचं. ओल्या ट्यूबवर पॅच बसत नाही, कितीही पुसली तरी. म्हणून रस्त्यात नवी ट्यूब घाला, पॅच घरी. प्रत्येकाकडे दोन ट्यूब हव्यात. नवी घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरव. काट्याचं टोक बोटाला लागत नाही पण कापसाचा धागा त्यात अडकतो. टोक आत राहिलं तर दुसऱ्या ट्यूबचीही हवा दहा मिनिटांत जाते. घरी पॅच लावताना ट्यूब घासून घे, सोल्यूशनचा पातळ थर दे, आणि हात लावल्यावर चिकट लागेनासा होईपर्यंत थांब. पाचेक मिनिटं लागतात. ओल्या सोल्यूशनवर घाईनं लावलेला पॅच उन्हात सुटतो.

गावातल्या दुकानावर किती भरवसा ठेवायचा, हेही सांगून ठेव. तिथे 28 × 1½ चा माल मिळतो, साध्या काळ्या सायकलीचा. त्या रिमचा व्यास 635 मिलिमीटर, तुमच्या टायरवर 700 छापलेलं असतं त्या चाकाच्या रिमचा 622. त्यामुळे तो टायर बसणार नाही. ट्यूब मात्र अडीअडचणीला चालते, बारीक टायरात जरा कोंबावी लागते, घडी पडू द्यायची नाही. अट एकच: त्या ट्यूबचा व्हॉल्व्ह जाड असतो, त्याला रिमला आठ मिलिमीटरच्या आसपास भोक लागतं. बारीक व्हॉल्व्हच्या रिमला साडेसहाच्या आसपासचंच भोक असतं, तिथे तो जाणार नाही. आणि बारीक व्हॉल्व्हवाल्यांनी पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात ठेवायचा, म्हणजे गाडीच्या टायरवाल्याकडेही हवा भरता येते.

रपट्याबद्दल, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या फरशी पुलाबद्दल, वाद नको. वरून पाणी वाहत असेल तर ओलांडायचं नाही, पोटरीएवढं असलं तरी. गढूळ पाण्याखाली रपट्याची कड आहे की खड्डा, दिसत नाही, आणि सायकलीला पाणी आडवं ढकलतं. आपल्याकडे ऊन असताना वर डोंगरात पाऊस झाला तर नाला तासाभरानंही चढतो. जाताना कोरडा होता म्हणून येताना असेलच असं नाही, परतीचा दुसरा रस्ता माहीत असू द्या. पाणी ओसरल्यावर राहिलेल्या शेवाळावर सरळ जायचं, ना ब्रेक, ना वळण.

दिशा पश्चिमेची ठेव. या दिवसांत वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. देऊरवाडा, कौंडण्यपूर, पुढे तिवसा, असं जाताना तोंडावर घ्यायचा आणि थकल्यावर पाठीवर. उलट केलं तर परतीचे शेवटचे पंधरा किलोमीटर लोक एकमेकांशी बोलत नाहीत. ओल्या रविवारी 40 ते 60 किलोमीटर पुरे. उजाडताच निघायचं, अकराच्या आत घरी. विजा बहुतेक दुपारनंतरच्या. तरी पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी अॅप सगळ्यांच्या फोनमध्ये असू दे. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर पक्क्या घरात शिरायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास निघायचं नाही. निंबाखाली, मोटरपंपाच्या टिनाच्या खोपडीत उभं राहणं म्हणजे उघड्यावर असण्याइतकंच वाईट. काहीच आडोसा नसेल तर सायकली दूर ठेवून, एकमेकांपासून पांगून, उकिडवं बसायचं.

पाऊस आहे म्हणून लोक पाणी पीत नाहीत. उघाड पडली की दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळत राहतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर घोटाघोटानं पोटात गेलं पाहिजे. ओआरएसची मोठी पुडी एक लिटरची असते आणि सायकलची बाटली बहुतेक पाऊण लिटरची, तिच्यात पूर्ण पुडी टाकली की द्रावण घट्ट होतं आणि पोट बिघडतं. घरून लिटरभर पाण्यात कालवून न्या. पुडी नसेल तर लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्यानं अर्धा चमचा मीठ. नाश्त्याला पोहे चालतील, तर्री परतल्यावर.

घरी आल्यावर चिखल वाळू देऊ नको. बादली आणि फडकं. गाड्या धुण्याचा जोराचा पाइप नको, तो बेअरिंगमधलं ग्रीस काढून टाकतो. सीटचा दांडा काढून सायकल उलटी कर, नळ्यात शिरलेलं पाणी निघतं. चेन रॉकेल लावलेल्या फडक्यानं पूस, वाळव, आणि प्रत्येक रोलरवर एक थेंब तेल. रात्रभर मुरू दे, सकाळी बाहेरचं पुसून काढ. आत राहतं तेच कामाचं. शिलाई मशीनचं तेल पातळ, पहिल्याच सरीत वाहून जातं. इंजिनाचं तेल लावलं की धूळ येऊन बसते. ओल्यासाठीचं सायकलचं तेल वेगळं मिळतं, क्लबात एक बाटली आणा, वर्गणीत भागते. ब्रेकच्या गुटक्यात अॅल्युमिनियमचे चमकते कण रुतले असतील ते सुईनं काढ, नाहीतर रिम खरवडली जाते. चेनचे बारा जोड, म्हणजे चोवीस कड्या, नव्यात बरोबर बारा इंच भरतात. सव्वाबारा व्हायची वाट बघायची नाही, बारा आणि एक-षोडशांश इंच झाले की चेन बदलायची, म्हणजे गिअरचे दात वाचतात.

पोळ्याच्या दिवसांत राइड ठेवलीत तर गावातून हळू जा. बैल शिंगांना रंग आणि गळ्यात घुंगरं घेऊन रस्त्यावर असतात, आणि घंटी वाजवली की बिचकतात. आश्विनातलं सोयाबीन रस्त्यावर सुकायला येईल तेव्हाचं पुढच्या पत्रात लिहीन, त्याला वेगळंच डोकं लागतं.

वर्ध्याला कधी येतोस? येण्याआधी क्लबातल्या सगळ्यांच्या रिमचं भोक आणि टायरच्या कडेवर छापलेला आकडा लिहून आण. ट्यूबा एकदमच घेऊ. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा दोस्त