उन्हाने वाजणारा अलार्म

प्रिय चिमे,

काल फोनवर म्हणालीस ना की सॅटेलाइट इमेजमधून आगी शोधणारा तुमचा प्रोग्रॅम गोदामांच्या पत्र्यालाच आग समजतोय आणि सर वैतागलेत, मला हसूच आलं गं. आमच्या टँक फार्मवरचा, इंधनाच्या टाक्यांपाशी आग हेरणारा फ्लेम डिटेक्टर आठवतो का? थंडीत संध्याकाळी ऊन तिरकं होऊन खालच्या डबक्यावर चमकलं की बोंबलायचाच. पहिल्या दिवशी आम्ही फोमची गाडी घेऊन धावलो, आठवड्याभरात कोणी खुर्चीतून उठेना, आणि मग कोणीतरी बझरवर चिकटपट्टी लावली (मी नाही लावली, पण काढलीही नाही, आईला बोलू नको).

रशियात हेच झालेलं, फक्त तिथे टाकीच्या जागी अख्खं जग होतं. 26 सप्टेंबर 1983, मध्यरात्र उलटलेली, मॉस्कोजवळच्या सेर्पुखोव-15 बंकरमधे स्टानिस्लाव्ह पेट्रोव्ह नावाचा लेफ्टनंट कर्नल ड्युटीवर. त्यांच्या सॅटेलाइट सिस्टिमचं नाव ओको, म्हणजे डोळाच. मिसाइल सुटताना मागे जो जाळ निघतो त्याची उष्णता इन्फ्रारेडमधे टिपायची. जमिनीवरच्या रडारला मिसाइल क्षितिजाच्या वर आल्याशिवाय दिसत नाही, म्हणून हा वरचा डोळा, तेवढीच काही मिनिटं आधी खबर. तर सायरन वाजला, अमेरिकेतून एक अण्वस्त्रवालं मिसाइल सुटलं म्हणे. मग अजून चार. आणि तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएतनी कोरियन प्रवासी विमान पाडून 269 माणसं मारलेली, त्यामुळे दोन्हीकडे डोकी तापलेली.

या माणसाने वर काय कळवलं, तर अलार्म खोटा आहे. हिशोब साधा होता, युद्ध काढायचं तर कोणी पाचच मिसाइल सोडेल का? आणि रडारवाल्यांना काहीच दिसत नव्हतं. मुळात तो इंजिनिअर, सिस्टिम घाईत कामाला लावलीय हे त्याला माहीत होतं. पण खात्री? नव्हतीच, नंतर तोच म्हणायचा फिफ्टी-फिफ्टी. पुढची काही मिनिटं नुसती वाट बघायची, माझे तर वाचतानाच हात गार पडले.

पुढे चौकशीत निघालं की उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन सॅटेलाइटच्या डोळ्यात नेमक्या कोनातून गेलं होतं. आमचं डबकं, तुझा पत्रा, त्यांचा ढग! आणि साहेबांनी त्याला झापलं कशावरून, तर लॉगबुक भरलं नाही म्हणून. एका हातात फोन, दुसऱ्यात इंटरकॉम, तिसरा हात कुठून आणायचा बिचाऱ्याने. ऑफिस सगळीकडचं सारखंच.

तर तू एक कर, तुमच्या खोट्या आगींच्या वेळा आणि तेव्हाचा सूर्याचा कोन शेजारी शेजारी मांडून बघ. आमच्याकडे एका फिटरने शेवटी डिटेक्टरला पत्र्याची टोपी ठोकून दिली आणि मी स्वतः ती चिकटपट्टी खरवडून काढली, डाग मात्र राहिला. काय निघालं ते कळव.

बाबा