चौथाईची चौथाई किती?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सहावीच्या मुलांना अपूर्णांकांचा गुणाकार शिकवतात. अंशाला अंशाने गुणा, छेदाला छेदाने गुणा. एका ओळीचा नियम, धडा लगेच आटोपतो, मुलांना मार्कही पडतात. मी तलाठी म्हणून नोकरी केली (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, कामाचा रगाडा तोच). हा नियम एके काळी पाठ केलेली मोठी माणसे वारस नोंदीच्या वेळी कशी अडतात, हे मी चावडीत बसून पाहिले आहे. त्याबद्दल थोडे लिहितो.

समजा, वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली दोन एकर, म्हणजे ८० गुंठे जमीन आहे. मृत्युपत्र केलेले नाही. मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे चौघांना सारखा वाटा, प्रत्येकी १/४. इथवर सगळ्यांना पटते. पुढे थोरला मुलगा वारतो. त्याला बायको आणि दोन मुले आहेत, शिवाय आई हयात आहे. आईला लोक हमखास विसरतात. कायद्याने मात्र ती मुलाची पहिल्या वर्गातली वारस आहे. म्हणून थोरल्याच्या १/४ चे पुन्हा चार वाटे. मग एकेकाला किती?

"चार आणि चार आठ, आठवा हिस्सा," असे ठणकावून सांगणारा एक तरी जण चावडीत असतोच. आठवा म्हणजे दहा गुंठे. चौघांचे दहा-दहा धरले तर चाळीस होतात, आणि थोरल्याच्या वाट्याला मुळात वीसच गुंठे होते! वरचे वीस कुठून आणायचे, हे कोणी सांगत नाही, पण तोवर आवाज चढलेले असतात.

अशा वेळी मी रद्द झालेल्या अर्जाच्या पाठीमागे एक मोठा चौकोन काढायचो. उभ्या तीन रेघा मारल्या की चार पट्ट्या झाल्या. त्यातली एक थोरल्याची, ती रेघाटून घ्यायची. मग आडव्या तीन रेघा मारायच्या, त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सगळ्या पट्ट्यांतून. खरी मेख इथे आहे. आडव्या रेघा थोरल्याच्या पट्टीपुरत्याच मारल्या, तर माणूस तिथले चार कप्पे आणि उरलेल्या तीन पट्ट्या मोजून "सातवा हिस्सा" म्हणतो. हेही मी ऐकले आहे. रेघा पूर्ण गेल्या की सारख्या मापाची सोळा घरे दिसतात. रेघाटलेल्या पट्टीतले एक घर म्हणजे सोळावा हिस्सा, पाच गुंठे. छेदाला छेदाने का गुणायचे, हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हातारी माणसे तर चौकोन पुरा होण्याआधीच म्हणत, "म्हणजे चार आण्यांतला एक आणा!" अगदी बरोबर, रुपयाचे आणे सोळाच. १९५७ साली नवे पैसे आले तरी जुन्या कागदांत हिस्से आणे-पैंतच लिहिलेले सापडतात, आणि पावलीचे, म्हणजे चार आण्यांचे, चार वाटे केले की एकेक आणा येतो, हे त्या पिढीच्या बोटांवर होते.

यावर कोणी म्हणेल, पावकी, निमकी, पाऊणकी, औटकी, म्हणजे पाव, अर्धा, पाऊण आणि औट (साडेतीन) यांचे जुने पाढे, पुन्हा सुरू करा. मला त्याचा फारसा उत्साह नाही. त्या पाढ्यांत सात पाव किती, नऊ औट किती हे कळते. पावाला पावाने गुणायची वेळच तिथे येत नाही. चौकोन मात्र अडीच गुणिले दीडलाही चालतो. मुले दोनाला एकाने आणि अर्ध्याला अर्ध्याने गुणतात आणि सव्वादोन लिहून मोकळी होतात. अडीच लांब आणि दीड रुंद चौकोन काढला, तर त्यात चार तुकडे पडतात: दोनाचा, एकाचा, अर्ध्याचा आणि पावाचा. मिळून पावणेचार. मधले दोन तुकडे मुलांनी गाळलेले असतात. पाच छेद दोन गुणिले तीन छेद दोन, पंधरा छेद चार, हे त्यानंतर करावे.

आमच्या चाळीसगाव तालुक्यात पाटणला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ काढला, त्याची नोंद त्यावर आहे. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे ११५० सालच्या ग्रंथात, भागाच्या भागाचे एक गणित आहे. याचकाने फार विनवल्यावर एका कंजूषाने एका द्रम्माच्या (हे त्या काळचे नाणे) अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पाचव्या भागाच्या सोळाव्या भागाचा चौथा हिस्सा दिला, तर त्याने कवड्या किती दिल्या? पहिल्या तीन अपूर्णांकांत दोनाला दोन आणि तिनाला तीन कटतात, उरतो १/४. पुढे पाच, सोळा आणि चार यांनी छेद गुणत गेले की १/१२८०. त्या काळी वीस कवड्यांची काकिणी, चार काकिणींचा पण आणि सोळा पणांचा द्रम्म, म्हणजे द्रम्माच्या कवड्याही १२८०. उत्तर: एक कवडी! एवढा खटाटोप करून दानशूराने दिले काय, तर कवडी. आधी काटछाट करा, मग गुणा, हे मुलांना शिकवायला याहून चांगले गणित मला माहीत नाही.

शिक्षकांना विनंती, की केक आणि पिझ्झाबरोबर एखादा सातबाराही वर्गात न्यावा. वारसांची नावे काल्पनिक घ्यावीत, नाहीतर गावात भांडण लागायचे. आणि महसूल खात्याला सुचवतो, की वारस नोंदीच्या अर्जासोबत हिश्श्यांचे एक छापील कोष्टक द्यावे. प्रत्येकाच्या नावापुढे अपूर्णांक, त्यापुढे क्षेत्र आणि तळाशी बेरीज. वरच्या उदाहरणात आईला १/४ आणि १/१६ मिळून ५/१६, धाकट्याला व बहिणीला प्रत्येकी ४/१६, थोरल्याच्या बायकोला व दोन मुलांना प्रत्येकी १/१६. बेरीज १६/१६ येते. ती येत नसेल तर अर्जावर सह्या घेऊच नयेत.

आपला,
एक निवृत्त तलाठी,
चाळीसगाव, जि. जळगाव